प्रार्थना केली, तरी भीती का वाटते?

ज्यांना लोकलमध्ये किंवा मागांच्या आवाजात ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले खोकले आणि बाहेरचे हॉर्न काढलेत.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून आला. पाठवणारा मुलगा भिवंडीत, मानकोलीकडच्या एका गोदामात पॅकिंगला आहे. कंत्राटावर. सणाचा सीझन संपला की किती पोरं ठेवणार आणि कुणाला 'उद्यापासून येऊ नको' म्हणणार, हे आधी कुणीच सांगत नाही. वडील यंत्रमागावर, तिथेही कधी माग चालू, कधी बंद. तो म्हणतो, "मी रोज प्रार्थना करतो, रविवारी चर्चला जातो, तरी रात्री झोप लागत नाही. चर्चमधले एक काका म्हणाले, भीती वाटते म्हणजे तुझा विश्वासच कमी आहे. खरंच तसं असतं का, दादा?"

नाही रे. तसं नसतं. पण नुसतं 'नाही' म्हणून तुझं समाधान होणार नाही, म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

पहिली गोष्ट, तुझी भीती खोटी नाही. आपण भिवंडीत राहतो. 21 सप्टेंबर 2020 ला पहाटे पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि झोपेतली जवळपास 40 माणसं गेली. तेव्हापासून पावसाळ्यात जुन्या इमारतीत राहणारा माणूस भिंतीवरची चीर बघून घाबरला, तर त्याला काय सांगणार? विश्वास ठेव आणि झोप? तो घाबरतोय ते बरोबरच आहे. त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये माग थांबले, तेव्हा मुंबई-नाशिक हायवेवरून डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. काही भीती डोक्यातल्या असतात हे खरं, पण बऱ्याच भीती पगाराच्या, भाड्याच्या आणि छताच्या असतात.

दुसरी गोष्ट तो फॉरवर्ड. तुम्हालाही आला असेल, की बायबलमध्ये 'भिऊ नको' हे शब्द बरोब्बर 365 वेळा आलेत, वर्षाच्या एकेका दिवसाला एक. ऐकायला छान आहे, पण मोजायला बसलं की तो आकडा जमत नाही. भाषांतर बदललं की मोजणीही बदलते. पण आकडा सोडा. मुळात ते शब्द पुन्हा पुन्हा का आलेत? समोरचा माणूस घाबरलेला आहे म्हणूनच ना! अब्राहाम, गिदोन, मरिया, शेतातले मेंढपाळ, सगळे घाबरलेले. न घाबरणाऱ्याला कुणी 'भिऊ नको' कशाला सांगेल?

आता ते काका कदाचित वादळाची गोष्ट काढतील. येशू नावेत उशीवर डोकं ठेवून झोपलेला, नाव पाण्याने भरतेय, शिष्य ओरडतात, आणि वादळ थांबवल्यावर तो त्यांना त्यांच्या विश्वासाबद्दल विचारतो. बरोबर आहे, विचारतो. पण बघा, त्याने त्यांना नावेतून उतरवलं नाही. आणि त्यातले काही जण मुरलेले कोळी होते, पाण्याला उगाच घाबरणारे नव्हते. घाबरले तेव्हा त्यांनी त्याला हलवून उठवलं, एवढं त्यांना जमलं. तू रात्री दोन वाजता करतोस ती प्रार्थना तीच आहे. शिवाय वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशू व्याकूळ झाला होता, हे दुःख टळावं म्हणून त्याने प्रार्थना केली आणि मित्रांना जागं राहायला सांगितलं. त्याचा विश्वास कमी होता, असं काकासुद्धा म्हणणार नाहीत.

आता तुम्हाला मी पुण्यापुढे, दौंडच्या अलीकडे, केडगावला नेतो. पंडिता रमाबाईंकडे. शाळेत आपण त्यांच्याबद्दल दोन ओळी वाचतो, समाजसुधारक वगैरे. पण भीती या विषयावर बोलायचं तर आपल्या महाराष्ट्रात त्यांच्याएवढा अधिकार फार थोड्यांना असेल.

जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान, बायको-मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेले. कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत फिरायचं. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि त्यांच्याकडचं सगळं संपलं. भांडी गेली, दागिने गेले, नंतर रानातली पानं खाऊन दिवस काढले. उपासमारीने मरण्यापेक्षा जलसमाधी घ्यावी, असं वडिलांनी ठरवलं होतं. भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. म्हणून ते थांबले, पण वडील त्यानंतर थोड्याच काळात गेले. मग आई, मग मोठी बहीण. रमाबाईंचं वय तेव्हा सोळाच्या आसपास, म्हणजे दहावी-अकरावीतलं.

नंतर ती दोघं भावंडं हजारो मैल पायी फिरली. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, म्हणून वाळूत खड्डे करून त्यात बसायचे आणि अंगावर वाळू ओढून घ्यायचे. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि 1882 मध्ये नवरा पटकीने गेला. पदरात लहानगी मनोरमा.

इथे साधारणपणे गोष्ट सांगणारे म्हणतात, मग त्या इंग्लंडला गेल्या, ख्रिस्ती झाल्या आणि सगळी भीती पळाली. तसं झालं नाही. बाप्तिस्मा 1883 चा, आणि त्यांनी स्वतः लिहिलंय की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायला पुढे आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत त्या प्रश्न विचारत राहिल्या, इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. ज्यांना वाटतं की विश्वास एका रविवारच्या सभेत फिट होऊन मिळतो, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ झाला, सल्लागार मंडळातले रानडे-भांडारकरांसारखे लोक बाजूला झाले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आणि आता 1896. पुन्हा दुष्काळ, या वेळी मध्य प्रांतात. ही बातमी कानावर आली तेव्हा रमाबाई 38 वर्षांच्या होत्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, आई-वडील-बहीण तिघांना त्यांनी त्यातच घालवलं होतं. अमेरिकेतल्या ज्या संस्थेने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं, तिची मुदत संपत आली होती. म्हणजे पुढचे पैसे कुठून येणार, माहीत नाही. अगदी कंत्राट संपत आलेल्या माणसासारखी अवस्था.

त्या गेल्या. नुसत्या गेल्या नाहीत, तर सुमारे 300 मुली आणि बायका घेऊन आल्या. आणि त्या आणल्या कधी, तर पुण्यात प्लेग शिरला होता तेव्हा. सरकारी निर्बंध असे, की इतक्या जणींना शहरात ठेवणं अशक्य. मग केडगावला त्यांनी जी जमीन घेतली होती, तिथे या मुलींना नेलं. उघडं माळरान, तंबू आणि झोपड्या. तीच पुढे मुक्ती मिशन झाली. 1900 च्या दुष्काळानंतर तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या.

याच काळात त्यांनी आणखी एक केलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पुण्यातल्या प्लेगच्या रुग्णालयात आणि छावण्यांत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. ख्रिस्ती बाई, आणि जाब विचारला तो इंग्रज सरकारला. सरकारने आरोप नाकारले. पुण्याचे सनातनी आधीच विरोधात, आता साहेबही नाराज. सांभाळून राहायचं असतं तर गप्प बसणं सोपं होतं.

मग प्रार्थनेने त्यांना नक्की काय दिलं? प्लेग टळला नाही, पैशाची चिंताही संपली नाही. मला वाटतं, उद्याचा हिशोब आज पूर्ण जुळायलाच हवा, हा हट्ट सुटला. आज आटा किती, पाणी कुठून, विहीर किती खोल गेली, आजारी कोण. मुक्तीत दिवस प्रार्थनेने सुरू व्हायचा आणि मग सगळ्या कामाला. शेती, गाई-म्हशी, तेलघाणा, शिवण, छापखाना, आणि हो, मागसुद्धा. विणकाम तिथे शिकवलं जायचं. अंध मुलींनाही शिकवलं जायचं.

हा माझा अर्थ आहे, तुमचा वेगळा असू शकतो. पण व्हॉइस नोटवाल्या मित्रा, तुझ्यासाठी यातून मी एवढंच उचलेन की प्रार्थनेत 'देवा, नोकरी राहू दे' हे जरूर माग, लाजू नकोस, पण त्याच्याबरोबर सकाळी करायचं एक काम ठरवून झोप. पीएफ कापला जातोय का, खात्यात दिसतोय का, हे तपासणं. दुसऱ्या गोदामात ओळखीच्याला फोन करणं. वडिलांना खरं सांगणं. आणि एकटा प्रार्थना करू नकोस. येशूने त्या रात्री मित्रांना सोबत नेलं होतं. ते झोपून गेले ही गोष्ट वेगळी. आपलेही झोपतात कधी कधी, तरी बोलवायचं.

आता एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. झोप महिना-महिना उडाली असेल, छातीत धडधडून घाम फुटत असेल, जगणंच नको वाटत असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न समजून उपास-प्रार्थनेवर सोडून देऊ नका. डॉक्टरकडे जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. गोळ्या घेतल्या म्हणजे देवावरचा भरवसा उडाला, असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला विचारा, तुम्ही चष्मा का लावता?

रमाबाईंचं शेवटचं सांगायचं राहिलं. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्यांनी एका कामाला दिली, हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर, तेही साध्या बायकांना वाचता येईल असं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात. हे काम चालू असताना, 1921 मध्ये मनोरमा गेली. जिला कडेवर घेऊन त्या नवऱ्यामागे उभ्या राहिल्या होत्या, आणि जी पुढे त्यांचं काम सांभाळणार होती, तीच. रमाबाईंचं शरीर तोवर थकलं होतं, ऐकू कमी येत होतं. भाषांतराचं काम त्यांनी पुरं केलं, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

केडगाव पुणे-दौंड लाइनवर आहे, दौंडकडे जाणाऱ्या लोकल तिथे थांबतात. भिवंडीहून निघायचं तर कल्याणला येऊन पुण्याची गाडी पकडा आणि पुण्याला बदला. मुक्ती मिशन आजही चालू आहे. आत राहणाऱ्या बायका-मुलींचं ते घर आहे, म्हणून आधी विचारून जा आणि मोबाइल काढून लगेच रील सुरू करू नका.

पुढच्या भागात तुमच्यापैकी तिघांनी विचारलेला प्रश्न घेतोय, घरच्यांचा विश्वास एक आणि आपला दुसरा असेल तर जेवणाच्या ताटावर बसायचं कसं. व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत.