सख्खा भाऊ, तरी का जुळत नाही?

आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलीला थॅलेसेमिया आहे. दर तीन-चार आठवड्यांनी तिला रक्त चढवावे लागते. अस्थिमज्जा बदलली तर आजार बरा होऊ शकतो, म्हणून मोठ्या भावाची तपासणी झाली. ती जुळली नाही. तिची अम्मी मला म्हणाली, "सर, सगा भाई है, खून का ग्रुप भी एक है, फिर क्यों नहीं?"

इथे रक्तगट नव्हे, 'एचएलए' जुळावे लागते. आपल्या पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एका वाटीसारख्या रेणूत ठेवून बाहेर दाखवतात. हा रेणू म्हणजे एचएलए. रक्तातल्या टी-पेशी पहारेकऱ्याप्रमाणे प्रत्येक वाटी तपासतात. तुकडा विषाणूचा निघाला, तर ती पेशी नष्ट करतात. टी-पेशी तुकडा आणि वाटी दोन्ही एकत्रच ओळखतात, हे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे उंदरांवरील प्रयोगांतून 1974 मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना 1996 चे नोबेल मिळाले.

वाटीचा आकार सहाव्या गुणसूत्रावरची जनुके ठरवतात. त्यांचे हजारो प्रकार आहेत. म्हणून एकाच साथीत सगळ्यांची प्रतिकारशक्ती सारखी लढत नाही. हे वैविध्य माणसाचे रक्षणच करते. पण मज्जा देताना तेच आडवे येते. दात्याच्या टी-पेशींना रुग्णाच्या वाट्या परक्या वाटल्या, तर त्या रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात.

मी फळ्यावर चार चौकोन काढून अम्मीला समजावले. अब्बांकडे जनुकांचे दोन संच, अम्मीकडे दोन. मुलाला प्रत्येकाकडून एकच मिळतो. म्हणून आईवडील बहुधा निम्मेच जुळतात आणि सख्खी भावंडे पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणजे 25 टक्के असते. चार भावंडे असली म्हणजे एक जुळेलच, असेही नाही. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी निघते.

घरात कोणी जुळले नाही, तर दात्यांच्या नोंदवहीत शोध घेतात. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना दिला की तरुणांना तिथे नाव नोंदवता येते. आपल्या घरांतून अशी नावे जायला हवीत.

आपण बहिणीसाठी कमी पडलो, असे त्या भावाला वाटत होते. आता वाटत नाही. धाकट्या बहिणीची तपासणी व्हायची आहे. तिचीही शक्यता तेवढीच, चारात एक. दुआ करा.