अनोळखी पाणी कोणाचे?

जपानमधील कोएई कंपनीने १९९० साली संगणकावर खेळावयाचा एक खेळ काढला. इंग्रजीत तो ‘अनचार्टेड वॉटर्स’, म्हणजे नकाशावर न आलेले पाणी, या नावाने प्रसिद्ध झाला. सोळाव्या शतकातील लिस्बन शहर, उतरती कळा लागलेल्या सरदार घराण्यातील एक तरुण, हाताशी लहानसे गलबत आणि थोडके पैसे, एवढ्या भांडवलावर खेळाडूने निघावयाचे. एका बंदरात स्वस्त मिळणारा माल दुसऱ्या बंदरात चढ्या भावाने विकावयाचा, अन्नपाण्याचा हिशेब राखावयाचा, वादळांना तोंड द्यावयाचे आणि अज्ञात किनारे शोधून राजदरबारी मानमरातब मिळवावयाचा. या खेळाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. २०२३ मध्ये मोबाईलवर खेळता येणारी आवृत्तीही जगभर उपलब्ध झाली.

मुलांनी असले खेळ खेळू नयेत, असा उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही. वारा, अंतर, माल आणि भाव यांचे नाते जो खेळ शिकवितो, तो वाईट कसा म्हणावा? आमचा प्रश्न त्याच्या नावापुरता आहे. नकाशावर नसलेले पाणी, पण कोणाच्या नकाशावर? गलबत पुढे सरकेल तसतसा पडद्यावरील काळोख ओसरतो आणि किनारे दिसू लागतात. त्या किनाऱ्यांवरील माणसे मात्र त्यापूर्वी काळोखात बसून नव्हती.

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, तो मालिंदी येथे मिळालेल्या, या समुद्रात मुरलेल्या वाटाड्याच्या भरवशावर. त्याच्याही कित्येक शतके आधी जुवारीकाठचे गोपकपट्टण हे कदंब राजांचे भरभराटीचे बंदर होते आणि अरब व्यापारी तेथे नांदत होते. या दर्यावर्दी राजघराण्याचे दैवत सप्तकोटीश्वर. त्याचे नाव कदंबांच्या नाण्यांवर आढळते. दिवाडी बेटावरील त्याचे देवालय सोळाव्या शतकात उद्ध्वस्त झाल्यावर देव नदी ओलांडून डिचोली महालातील नार्वे गावी आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला आणि २०२३ मध्ये त्याचे जतनकाम पुरे होऊन ते पुन्हा खुले झाले. डिचोली समुद्रापासून दूर, असे समजणाऱ्यांनी नार्वेच्या या देवाची कहाणी आठवावी.

पेडण्याची गोष्टही अशीच. आल्फोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, म्हणून खेळाच्या पडद्यावर साऱ्या गोव्यावर एकच निशाण फडकले, तर तो इतिहास नव्हे. शापोरा नदीच्या उत्तरेकडील पेडणे पोर्तुगिजांकडे आले ते १७८८ मध्ये, म्हणजे तब्बल २७८ वर्षांनी. डिचोलीही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच कायमची त्यांच्या ताब्यात गेली. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. तो १७४६ मध्ये त्यांच्या हातून गेला. खेळातील तरुण ज्या काळात लिस्बनहून शीड उभारतो, त्या काळात हे दोन्ही महाल त्याच्या राजाचे नव्हते.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. खेळातील व्यापार खेळाडूच्या हिकमतीवर चालतो. प्रत्यक्षात या समुद्रावर पोर्तुगिजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा लागे. परवान्याविना सापडलेले गलबत जप्त होई. मोगल बादशहाच्या जहाजांनाही त्यातून सुटका नव्हती. जो समुद्र पिढ्यान्पिढ्या मोकळा होता, त्यावर वावरण्यासाठी परक्याचा कागद मागावा लागला. शोधाची शौर्यकथा गलबताच्या डोलीवरून रम्य दिसते. अडविल्या गेलेल्या नाखव्याच्या बाजूने ती वेगळी भासते.

दोष आम्ही खेळ रचणाऱ्या जपान्यांना देत नाही. त्यांना जो इतिहास सहज हाती लागला, त्यावर त्यांनी खेळ रचला. आपला इतिहास सहज हाती लागेल असा आपण कोठे मांडून ठेवला आहे? पणजीच्या पुराभिलेखागारातील कागद डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्यभर चाळले आणि पोर्तुगीज व मराठे यांच्या संबंधांवर मोलाचे लेखन केले. ते लेखन अभ्यासकांच्या कपाटात राहिले. शाळेच्या फळ्यापर्यंत फारसे आले नाही. केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला जाणाऱ्या मुलाला समोरचा किल्ला कोणी बांधला हे ठाऊक नसेल, तर तो दोष त्याच्या मोबाईलचा नव्हे. मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जी डिचोलीच्या मुलांनी पाहिल्या, २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर त्या नांगरून पडलेल्याही पाहिल्या. पण याच नदीने पूर्वी काय काय वाहिले, हे त्यांना कोणी सांगितले?

म्हणून आमची सूचना साधी आहे. पेडणे आणि डिचोलीतील प्रत्येक शाळेने आपल्या जवळची नदी, धक्का, तर आणि देवालय यांची माहिती वृद्ध तारवे-खलाशांकडून मुलांकरवी लिहून घ्यावी. शिक्षण खात्याने आणि पुराभिलेखागाराने त्यांना जुने नकाशे पुरवावेत. याला मोठा पैसा लागत नाही, आस्था लागते. ती दाखविली, तर पडद्यावर आपला किनारा काळोखातून वर येताना पाहून उद्याचे मूल म्हणेल, हा तर आमचा गाव. हा हरवलाच कधी होता?