एक विजय, आठ पराभव, तीन विजय: कॅथरिन हेपबर्नच्या कारकिर्दीचा हिशेब

अभिनयासाठी ४ ऑस्कर. एवढे आजवर दुसऱ्या कुणाही नटाला किंवा नटीला मिळालेले नाहीत. कॅथरिन हेपबर्नचे नाव निघाले की आधी हाच आकडा सांगितला जातो. पण तो एकटा वाचला तर चित्र चुकीचे उभे राहते. तिला एकूण १२ नामांकने मिळाली, सगळी प्रमुख भूमिकांसाठी. ती कालक्रमाने मांडली तर पहिल्याच नामांकनाला विजय दिसतो, त्यानंतर ओळीने ८ पराभव आणि मग उरलेल्या तिन्ही खेपांना विजय. पहिला पुरस्कार १९३४ साली जाहीर झाला, दुसरा १९६८ साली. मधे ३४ वर्षे गेली.

आकड्यांत कारकीर्द

• जन्म: १२ मे १९०७, हार्टफर्ड, कनेक्टिकट. मृत्यू: २९ जून २००३, वयाच्या ९६ व्या वर्षी.
• चित्रपट ४४, दूरचित्रवाणीसाठीचे चित्रपट ८, नाटके ३३.
• ऑस्कर: नामांकने १२, विजय ४. विजयाच्या वेळचे वय: २६, ६०, ६१ आणि ७४.
• टोनी: नामांकने २, विजय एकही नाही. एमी: १.

या ३४ वर्षांत ती नाहीशी का झाली नाही, हा खरा प्रश्न आहे. तिच्या पिढीतल्या कितीतरी नायिका चाळिशीत पडद्याआड गेल्या, हिला मात्र साठीनंतर ३ ऑस्कर मिळाले. पुरस्कारांच्या यादीत याचे उत्तर सापडत नाही. ते १९३४ ते १९४० या काळातल्या तीन आर्थिक व्यवहारांत आहे.

चढण आणि घसरण

हेपबर्नचे घर सुखवस्तू आणि विचाराने पुढारलेले होते. वडील मूत्रविकारतज्ज्ञ. आई स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि पुढे संततिनियमनासाठी जाहीरपणे लढणारी. तिला धरून भावंडे सहा. १९२१ साली थोरला भाऊ टॉम याचा अकाली मृत्यू झाला, तेव्हा तिला चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. १९२८ साली ब्रिन मॉर कॉलेजातून पदवी घेऊन ती थेट नाटकात शिरली.

रंगभूमीवर तिला आठवड्याला १०० डॉलरच्या आसपास मिळत. आरकेओ स्टुडिओने विचारले तेव्हा या नवख्या मुलीने आठवड्याला १,५०० डॉलर मागितले, आणि स्टुडिओने ते दिले. १९३२ साली ‘अ बिल ऑफ डिव्होर्समेंट’मधून ती पडद्यावर आली. पुढच्याच वर्षीच्या ‘मॉर्निंग ग्लोरी’ने पहिला ऑस्कर मिळवून दिला आणि त्याच वर्षी ‘लिटल वुमेन’ने गल्लाही भरला.

त्यानंतर उतरण लागली. १९३२ ते १९३८ या काळात तिने आरकेओसाठी १४ चित्रपट केले. त्यांतल्या ‘अ‍ॅलिस अ‍ॅडम्स’ने नामांकन मिळवले, पण ‘सिल्व्हिया स्कार्लेट’, ‘मेरी ऑफ स्कॉटलंड’, ‘अ वुमन रिबेल्स’ आणि ‘क्वालिटी स्ट्रीट’ लागोपाठ पडले. आज विनोदी चित्रपटांचा मानदंड मानला जाणारा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ही १९३८ साली तोट्यातच गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्वतंत्र चित्रगृहमालकांच्या संघटनेने जाहिरात देऊन काही तारे-तारकांना ‘तिकीटबारीचे विष’ ठरवले. त्या यादीत ग्रेटा गार्बो, जोन क्रॉफर्ड, मार्लीन डीट्रिश आणि फ्रेड अस्टेअर होते, तशी हेपबर्नही होती. त्याच महिन्यात ती ३१ वर्षांची झाली.

तीन रकमा

पहिली रक्कम सुमारे १४,००० डॉलर. ‘द लेक’ हे तिचे ब्रॉडवेवरचे नाटक डिसेंबर १९३३ मध्ये लागले, समीक्षकांनी ते झोडपले आणि ५५ प्रयोगांत ते संपले. निर्माता जेड हॅरिस याला पडलेल्या नाटकाचा दौरा काढायचा होता. तो होऊ नये म्हणून हेपबर्नने आपल्या शिलकीतला बहुतेक पैसा त्याला देऊन टाकला.

दुसरी रक्कम ७५,००० डॉलर. १९३८ साली आरकेओने तिच्यापुढे ‘मदर केरीज चिकन्स’ हा दुय्यम चित्रपट ठेवला. तिने तो नाकारला आणि एवढी रक्कम मोजून स्टुडिओशी असलेला करारच संपवला. त्याच सप्टेंबरात अटलांटिकवरून आलेल्या चक्रीवादळाने फेनविकचे तिचे कौटुंबिक घर वाहून नेले. म्हणजे वर्षअखेरीस हाताशी करार नव्हता, समुद्रकाठचे घर नव्हते आणि बाजारात नावही उरले नव्हते.

तिसरी रक्कम २,५०,००० डॉलर, आणि ही तिच्याकडे येणारी होती. नाटककार फिलिप बॅरी याने तिला डोळ्यांपुढे ठेवून ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ लिहिले. हेपबर्नने ठरावीक पगार न घेता नफ्यात वाटा मागितला. चित्रपटाचे हक्क नाटक उभे राहण्याआधीच तिचा श्रीमंत मित्र हॉवर्ड ह्यूज याने विकत घेऊन तिला दिले होते. २८ मार्च १९३९ रोजी शूबर्ट थिएटरात नाटकाचा पडदा उघडला आणि ब्रॉडवेवर ४१७ प्रयोग झाले. ‘द लेक’शी तुलना केली तर साडेसात पट.

आता स्टुडिओंना हे नाटक हवे होते आणि त्याची किल्ली हेपबर्नच्या हातात होती. एमजीएमला हक्क देताना तिने अडीच लाख डॉलर घेतलेच, शिवाय नायिका आपणच असू ही अट घातली. दिग्दर्शक म्हणून जॉर्ज क्युकर तिने निवडला, सहनायक म्हणून कॅरी ग्रँट आणि जेम्स स्टुअर्ट. श्रेयनामावलीत पहिले नाव मात्र तिने ग्रँटला देऊ केले. नावाच्या जागेपेक्षा पटकथा, दिग्दर्शक आणि जोडीदार यांवरचा अधिकार मोठा, हे तिने नेमके ओळखले होते. १९४० अखेर चित्रपट आला, तो गाजला, आणि हेपबर्नला न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांचा पुरस्कार व तिसरे ऑस्कर नामांकन मिळाले. जाहिरातीतल्या शिक्क्यापासून इथपर्यंत यायला अडीच वर्षे लागली.

हे किती वेगळे होते ते त्या काळचे करार पाहिल्यावर कळते. कलावंत स्टुडिओशी वर्षानुवर्षे बांधलेला असे. भूमिका नाकारली तर त्याला बिनपगारी बसवत आणि तेवढा काळ कराराच्या शेवटी जोडत. बेटी डेव्हिस १९३६ साली वॉर्नर ब्रदर्सशी लंडनच्या न्यायालयात झगडली आणि हरली. ऑलिव्हिया डी हॅविलंडने पुढे त्याच स्टुडिओला कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात खेचले. कलावंताला सात वर्षांपलीकडे बांधून ठेवता येणार नाही, हा निकाल तिने १९४४ साली मिळवला, तेव्हा कुठे ती पद्धत खिळखिळी झाली. हेपबर्न कोर्टाची पायरी चढली नाही. पैसे मोजून ती बाहेर पडली आणि सौद्यात स्वतःची वस्तू घेऊनच परत आली.

९ चित्रपट आणि ५ वर्षांची रिकामी जागा

१९४२ सालच्या ‘वुमन ऑफ द इयर’ची संहिताही तिनेच एमजीएमपर्यंत नेली. त्या चित्रपटात स्पेन्सर ट्रेसी तिच्यासमोर प्रथम उभा राहिला. १९४२ ते १९६७ या २५ वर्षांत दोघांनी ९ चित्रपट केले. तिच्या ४४ चित्रपटांपैकी पाचातला एक ट्रेसीबरोबरचा आहे. ट्रेसी विवाहित होता आणि त्याने घटस्फोट घेतला नाही, पण दोघांची साथ त्याच्या मृत्यूपर्यंत टिकली.

चित्रपटसूचीत १९६२ नंतर सलग ५ वर्षे काहीच नाही. ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’ तिने नेहमीच्या मानधनाच्या एक-दशांशात केला, कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळवला आणि मग काम थांबवून आजारी ट्रेसीची शुश्रूषा केली. परतली ती ‘गेस हूज कमिंग टू डिनर’मधून. ट्रेसीची प्रकृती पाहून विमा मिळेना, तेव्हा हेपबर्न आणि दिग्दर्शक स्टॅनली क्रेमर यांनी स्वतःचे मानधन हमी म्हणून ठेवले. चित्रीकरण संपल्यावर १७ दिवसांनी, १० जून १९६७ रोजी ट्रेसी गेला. दोनच दिवसांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, तोवर १६ राज्यांत चालू असलेली आंतरवंशीय विवाहबंदी रद्द केली. चित्रपटाचा विषय हाच होता. या भूमिकेने तिचे ८ पराभवांचे सत्र संपवले.

चाळिशीनंतरचा आलेख

नामांकने दशकवार मोडली तर १९३० च्या दशकात २, चाळीसच्या दशकात २, पन्नासच्या दशकात ४, साठच्या दशकात ३ आणि ऐंशीच्या दशकात १ पडते. हॉलिवूडमध्ये बाईचे वय ज्या टप्प्यावर अडसर ठरते, नेमका तिथे हा आलेख सर्वांत उंच आहे. ‘द आफ्रिकन क्वीन’ ते ‘सडनली, लास्ट समर’ या चार नामांकनांच्या काळात तिचे वय ४४ ते ५२ होते. तरुण दिसण्याची धडपड सोडून तिने प्रौढ, एकाकी, हट्टी स्त्रियांच्या भूमिका घेतल्या. ‘द आफ्रिकन क्वीन’साठी तर काँगो आणि युगांडात जाऊन, आजार सोसत काम केले.

पराभव कुणाकडून झाले तेही पाहावे. व्हिव्हियन ली, अ‍ॅना मान्यानी, इन्ग्रिड बर्गमन, सिमोन सिन्योरे, अ‍ॅन बॅनक्रॉफ्ट. अशा स्पर्धेत ८ वेळा मागे पडणे म्हणजे ८ वेळा त्या वर्षीच्या मोजक्या नामांकितांत असणे. १९६८ च्या ‘द लायन इन विंटर’साठी तिला आणि बार्बरा स्ट्रायसँडला मते समसमान पडली. प्रमुख अभिनेत्रीच्या पुरस्काराच्या इतिहासात असे एकदाच घडले आहे. चौथा ऑस्कर १९८२ साली ‘ऑन गोल्डन पॉन्ड’साठी आला. यांतला एकही पुरस्कार घ्यायला ती समारंभाला गेली नाही.

३३ नाटके कशासाठी?

पडद्यावर नाव झाल्यावर नाटकाकडे वळण्याची तिला आर्थिक गरज नव्हती, तरी ती वळत राहिली. १९५० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, तिने ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये रोझलिंड रंगवली. १९५५ मध्ये लंडनच्या ओल्ड विक संस्थेबरोबर शेक्सपिअरची ३ नाटके घेऊन ती ६ महिने ऑस्ट्रेलियात फिरली. १९५७ आणि १९६० साली कनेक्टिकटमधल्या स्ट्रॅटफर्डच्या महोत्सवात पोर्शिया, बिअ‍ॅट्रिस, व्हायोला आणि क्लिओपात्रा या भूमिका केल्या. १९६९ मध्ये, ६२ व्या वर्षी, ‘कोको’ या संगीत नाटकात फॅशनकार कोको शॅनेल साकारली. गाणे हा तिचा प्रांत नव्हता, तरी टोनीचे नामांकन मिळाले.

टोनीच्या रकान्यातल्या शून्यावरून तिची रंगभूमी मोजू नये. १९५० च्या दशकात शेक्सपिअरने तिचा आवाज, श्वास आणि लांब वाक्ये पेलण्याची ताकद वाढवली. ती ताकद ‘लाँग डेज जर्नी’मध्ये आणि ‘द लायन इन विंटर’मध्ये स्पष्ट ऐकू येते. साठीनंतरच्या यशाची मशागत या नाटकांनी केली, असे माझे ठाम मत आहे.

या हिशेबात एक बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. ७५,००० डॉलर मोजून मोकळे होणे प्रत्येकीला शक्य नव्हते. हेपबर्नच्या मागे सुस्थित कुटुंब होते आणि हक्क विकत घेऊन देणारा श्रीमंत मित्र होता. याच काळात गुणाने तिच्या तोडीच्या कितीतरी नट्या, विशेषतः कृष्णवर्णीय नट्या, मोलकरणीच्या भूमिकांत अडकून राहिल्या, कारण त्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते. म्हणून हेपबर्नच्या जिद्दीचे कौतुक करताना त्या जिद्दीला मिळालेल्या भांडवलाचीही नोंद झाली पाहिजे.

ती नोंद ठेवूनही निष्कर्ष बदलत नाही. भांडवल असलेल्या अनेकांनी ते सुरक्षित जागी ठेवले, हेपबर्नने दोनदा ते स्वतःच्या नकाराच्या हक्कासाठी खर्च केले आणि तिसऱ्यांदा निवडीचा हक्क कमावला. अभिनेत्रीचे मोठेपण पुरस्कारांनी मोजायची आपल्याला सवय आहे. पण पुरस्कार मिळाले त्या वर्षांइतकीच ते न मिळालेली वर्षेही मोजावीत, आणि त्या वर्षांत संहितेचा हक्क कुणाकडे होता हे विचारावे. कलावंत किती काळ टिकेल याचा अंदाज त्या उत्तरातून अधिक नीट बांधता येतो.