धर्माला प्रश्न विचारण्याचा अधिकार

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर, म्हणजे पूर्वीच्या कर्झन रोडवर, नवे महाराष्ट्र सदन आहे. २०१३ मध्ये ते सुरू झाले आणि वर्षभरात, जुलै २०१४ मध्ये, देशभर गाजले. सदनातल्या जेवणावर चिडलेल्या शिवसेनेच्या एका खासदाराने तिथल्या खानपान व्यवस्थापकाच्या तोंडात चपाती कोंबली. दिवस रमजानचे होते आणि त्या व्यवस्थापकाचा रोजा होता. चित्रफीत बाहेर आली, संसदेत गदारोळ झाला. त्याचा धर्म आपल्याला ठाऊक नव्हता, असे सांगून खासदारांनी दिलगिरी व्यक्त केली.

हा खुलासा खरा धरला, तर भांडण जेवणाचे होते. रोजा ठेवणाऱ्याच्या श्रद्धेने कुणाचे काहीच बिघडले नव्हते; दिवसभर अन्नपाणी न घेता तो इतरांच्या जेवणाची व्यवस्था पाहत होता. इजा झाली ती सत्तेच्या मस्तीने. तरीही देशभर चर्चा झाली ती हिंदू-मुसलमान वादाची. धर्माने आज भले जास्त होते की वाईट, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एका वाक्यात देता येत नाही. एकट्या माणसाचे व्रत आणि जमावाच्या हातातले निशाण, दोन्हींना आपण धर्मच म्हणतो.

उंबरठ्याच्या आत आणि बाहेर

ज्या कस्तुरबांचे नाव या रस्त्याला आहे, त्यांच्याच आयुष्यातली एक घटना इथे आठवावी लागते. मार्च १९३८ मध्ये ओडिशातल्या डेलांग येथे गांधी सेवा संघाचे अधिवेशन होते. त्या वेळी कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या पत्नी दुर्गाबेन पुरीच्या जगन्नाथ मंदिरात दर्शनाला गेल्या. त्या मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. गांधीजींना हे कळले तेव्हा त्यांना इतके दुःख झाले की त्यांची प्रकृती बिघडली. कस्तुरबांच्या भक्तीत खोट नव्हती. पण जे दार दुसऱ्याला बंद आहे त्यातून आत जाणे म्हणजे त्या बंदीला संमती देणे, हा गांधीजींचा मुद्दा होता. धर्माच्या नावाने होणारा अन्याय दुष्टांच्या बळावर चालतो त्याहून अधिक भल्या माणसांच्या सवयीवर चालतो.

महाराष्ट्राने हा उंबरठा ओलांडण्यासाठी फार मोठी किंमत मोजली. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि काही वर्षे चालूनही दार उघडले नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. ज्या वारकरी परंपरेने चोखोबांना संत मानले, तिच्याच मुख्य मंदिरात त्यांच्या जातीच्या माणसाला पाऊल ठेवायला शतके लागली.

बाहेर पडण्याची वाट

काळारामच्या अनुभवानंतर, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. धर्माने केलेल्या हानीचा हिशेब त्यांच्याइतका नेमका कोणी मांडला असेल? तरीही धर्मच नको, या निष्कर्षाला ते आले नाहीत. एकवीस वर्षे त्यांनी अभ्यास केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसह बुद्धाचा मार्ग स्वीकारला. दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे राहत असताना आयुष्याच्या अखेरच्या दिवसांतही ते बुद्ध आणि धम्मावरच्या आपल्या ग्रंथावर काम करत होते. त्याच घरी ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

या निर्णयाने काय साधले? २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती, तर बौद्धांची ८१ टक्क्यांहून अधिक. बौद्धांपैकी बहुसंख्य महाराष्ट्रातले आहेत. याचे श्रेय शाळा-वसतिगृहांना आणि शिकण्याच्या जिद्दीला आहेच. पण जन्माने कोणी हीन नसतो, हे धर्म म्हणून स्वीकारल्याने ती जिद्द घरोघर पोहोचली. धर्म माणसाला उभे करू शकतो, याचा याहून मोठा दाखला आपल्याकडे नाही.

मात्र बाहेर पडण्याची वाट सर्वांना मोकळी नसते. माणसाला वाळीत टाकण्याचे, म्हणजे बहिष्काराचे, हत्यार मोडण्यासाठी मुंबई प्रांताने १९४९ मध्ये कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. धर्मसंस्थेचा अधिकार मोठा की त्यातल्या एकट्या माणसाचा, हा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला. दरम्यान जातपंचायतींच्या छळाला आवर घालण्यासाठी महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. आधुनिक राज्यालाही माणसाला त्याच्याच समाजापासून वाचवावे लागते, यावरून या दुखण्याची खोली कळते.

भुकेल्याला अन्न

दिल्लीतल्या त्याच कस्तुरबा गांधी मार्गापासून जवळ, गुरुद्वारा बंगला साहिबमध्ये रोज हजारो लोक लंगरात जेवतात. पंगतीत कोणी कुणाची जात विचारत नाही. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली परिसरात प्राणवायूसाठी हाहाकार उडाला, तेव्हा गाझियाबादच्या इंदिरापुरम गुरुद्वाऱ्याने रस्त्यावरच प्राणवायूचा लंगर मांडला. ज्या राजधानीत १९८४ मध्ये सरकारी आकड्यानुसार २,७३३ शीख मारले गेले, तिच्याच वेशीवर शिखांनी कुणाचाही धर्म न पाहता लोकांचे प्राण वाचवले. द्वेषाच्या बाजूलाही धर्माचे नाव होते आणि सेवेच्या बाजूलाही.

आपल्याकडे गाडगेबाबांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही गावोगावच्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. आणि हेच गाडगेबाबा कीर्तनातून नवस, बळी आणि बुवाबाजी यांवर कोरडे ओढत. त्यांची सेवा आणि त्यांची चिकित्सा एकाच श्रद्धेतून आलेली होती.

चिकित्सेची किंमत

चिकित्सेची ही परंपरा म. फुल्यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजापासून सरळ चालत आली आहे. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर सतत सांगत की त्यांचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला.

धर्म हटवला की हिंसा हटेल, हेही इतिहास मान्य करत नाही. कंबोडियात ख्मेर रूजच्या राजवटीने धर्मावर बंदी घातली आणि चार वर्षांत दहा लाखांहून जास्त माणसे मारली. दुसरीकडे डेन्मार्क-स्वीडनमध्ये प्रार्थनेला जाणारे थोडे, पण समाज शांत आणि परस्परांवर विश्वास ठेवणारा आहे. धर्म असो वा धर्मविरोध, प्रश्न विचारणाऱ्याला शत्रू मानणारी कोणतीही सत्ता माणसे मारते.

म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे. ज्या धर्मात सर्वांना आत येता येते, प्रश्न विचारता येतो आणि नको असेल तर सुखाने बाहेर पडता येते, तो आजच्या समाजाचे भलेच करतो. यांपैकी एक जरी दार बंद असेल, तर त्याच्या अन्नछत्रांनी आणि रुग्णालयांनी ते नुकसान भरून निघत नाही. आज आपल्या देशात ही दारे उघडण्यापेक्षा बंद करणाऱ्यांचा आवाज मोठा आहे, म्हणून धर्माने होणारी हानी आज जास्त आहे, असे मी मानतो. ती कमी करण्याचे काम नास्तिकांवर सोपवून भागणार नाही. आपल्या देवळात, मशिदीत, विहारात, गुरुद्वाऱ्यात, चर्चमध्ये उभे राहून पहिला प्रश्न श्रद्धावंतानेच विचारला पाहिजे. महाराष्ट्रात तो विचारण्याचे धैर्य दाखवणाऱ्यांत कीर्तनकारही होते, आणि त्यांच्या श्रद्धेला त्याने उणेपणा आला नाही.