टाक आणि तसबीर : लघुप्रतिमेचा सामाजिक अर्थ

एकोणिसाव्या शतकातील युरोपात माणसाचे लहानसे रेखाचित्र ही केवळ कलावस्तू नव्हती. ती नात्याची खूणही होती. १८१५ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाल्यावर रोममधील फ्रेंच आश्रयदाते पांगले आणि चित्रकार ॲंग्र याने तेथे येणाऱ्या इंग्रज प्रवाशांची पेन्सिलचित्रे काढून काही वर्षे निर्वाह केला. अशी चित्रे प्रवासी मायदेशी नेत. मृताची लघुप्रतिमा व त्याच्या केसांची बट लॉकेटमध्ये घालून गळ्यात बाळगण्याची रीतही युरोपात रूढ होती. या प्रतिमांचे मोल प्रामुख्याने सादृश्यावर अवलंबून असे.

नात्याची खूण जपण्याची हीच गरज महाराष्ट्रात टाकाने भागविली. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या परिसरात, तसेच अन्यत्रही, देवघरात खंडोबा-भवानीच्या टाकांबरोबर पूर्वजांचे टाक पूजिले जातात. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून सोनार आकृती उठवितो. एकच ठसा अनेक घरांच्या कामी येतो. त्यामुळे चेहऱ्याच्या सादृश्याचा येथे प्रश्नच उद्भवत नाही. पहिली पत्नी वारल्यावर दुसरीने तिच्या नावाचा टाक गळ्यात घालावा, अशी चालही अनेक समाजांत होती. बाह्यतः हा टाक लॉकेटसारखाच दिसतो; परंतु लॉकेट धारण करणारी व्यक्ती आपल्या प्रियजनाचा शोक करते, तर टाक धारण करणारी स्त्री कदाचित कधीही न पाहिलेल्या सवतीला तिचा मान देते.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर टाकाचे कार्य सर्वनामासारखे आहे. ‘तो’ या शब्दाचा निर्देश जसा प्रसंगावरून ठरतो, तसा टाकाचा निर्देश घरावरून ठरतो. नवरात्रापूर्वी किंवा लग्नकार्याच्या वेळी टाक उजळून घेताना घरातील वडीलधारी मंडळी ‘हे कोण’ ते सांगतात. टाकाचा अर्थ त्या सांगण्यात टिकतो.

म्हणूनच टाक देवघरातून बाजारात गेला की त्याचे वजन तेवढे उरते. संग्रहातही ‘घोडेस्वार, चांदी’ एवढीच नोंद झाली, तर तो कुलदैवताचा की पूर्वजाचा, हे पुढे सांगता येत नाही. नाव हरवलेल्या युरोपीय चित्रात निदान चेहरा शिल्लक राहतो; टाकाच्या बाबतीत तीही सोय नाही. तेव्हा टाकाची नोंद करताना आकार व धातू यांच्याआधी घर, नाव आणि नाते विचारून लिहिणे आवश्यक ठरते.