ईईजीला पहिल्याच रात्री निकाल मागू नका

बंद पडलेलं हृदय सीपीआर आणि शॉक देऊन पुन्हा सुरू झालं, की आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण पेशंट डोळे उघडत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्याला तारा लावलेल्या दिसतात आणि तर्कवितर्क सुरू होतात.

‘मेंदूला करंट देतायत’ ही भीती नेहमीची. ईईजीचं यंत्र करंट देत नाही. डोक्यावर पेस्टने चिकटवलेले वीसेक इलेक्ट्रोड मेंदूतल्या विजेचे अतिसूक्ष्म चढउतार टिपतात. हान्स बर्गर यांनी जर्मनीत १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी घेतला, तेव्हापासून तत्त्व हेच आहे.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे ‘रेघ सपाट आली, सगळं संपलं’. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की अर्ध्या मिनिटाच्या आत ईईजी सपाट होतो. रक्त परत वाहू लागल्यावरही लाटा लगेच येत नाहीत. आधी एखादा तुटक झुबका, मग बराच वेळ शांतता, पुन्हा झुबका. मेंदू सावरत असेल तर मधली अंतरं तासातासाने भरत जातात. नेदरलँड्समधल्या अभ्यासांत बारा तासांच्या आत सलग लाटा परतलेले बरेच रुग्ण चांगले सावरले. सहाव्या तासाला सपाट असलेली रेघ फारसं काही सांगत नाही. तीच चोवीस तासांनंतरही सपाट राहिली तर चिंता खरी.

त्यात औषधांची भर. प्रोपोफॉल, मिडाझोलम यांसारखी गुंगीची औषधं लाटा दाबतात, आणि किडनी किंवा लिव्हर थकलेलं असेल तर मिडाझोलम शरीरात रेंगाळतं. म्हणूनच २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान ७२ तास थांबून, गुंगीचा परिणाम उरलेला नाही याची खात्री करून मगच अंदाज बांधायचा. तोही एकट्या ईईजीवर नाही. डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रतिक्रिया, सीटी किंवा एमआरआय, मेंदूच्या पेशींची इजा दाखवणारं रक्तातलं एनएसई अशा खुणांपैकी किमान दोन प्रतिकूल असाव्या लागतात.

सपाट ईईजी म्हणजे ब्रेन डेड, हेही चूक. भारतात अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार मेंदूस्तंभ-मृत्यू ठरतो तो डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा केलेल्या तपासणीतून. त्यासाठी ईईजी सक्तीचा नाही.

‘अंग हलत नाही, म्हणजे फिट नाही’ असंही समजू नये. गुंगीत किंवा स्नायू सैल करणाऱ्या औषधाखाली फिट अनेकदा फक्त ईईजीवरच दिसते. मात्र फिटसारखी प्रत्येक नक्षी औषधांनी दाबली की माणूस वाचतो, असंही नाही. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या १७२ रुग्णांच्या टेलस्टार चाचणीत (२०२२) तीन महिन्यांनी जोरदार उपचार मिळालेल्या गटात ९० टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ९२ टक्के रुग्णांची स्थिती वाईट होती.

‘मोठ्या शहरात नेलं असतं तर चोवीस तास ईईजी लावला असता’ हा सल अनेक घरांत राहतो. स्वित्झर्लंडमध्ये शुद्ध हरपलेल्या ३६४ गंभीर रुग्णांवर हेच तपासलं गेलं. निम्म्यांना सलग दीड-दोन दिवस ईईजी, बाकीच्यांना वीस-वीस मिनिटांचे दोन. सलग ईईजीत फिट जास्त सापडल्या, पण सहा महिन्यांनंतरच्या मृत्युदरात फरक पडला नाही. छोट्या हॉस्पिटलात योग्य वेळी काढलेला आणि गरजेप्रमाणे पुन्हा काढलेला अर्ध्या तासाचा ईईजीही डॉक्टरांच्या खूप कामी येतो. तो कितव्या तासाला काढला आणि तेव्हा गुंगीचं औषध चालू होतं का, हे जरूर विचारा.