शिळी भाकरी, ताजे अंडे

रात्री दुरडीत उरलेली ज्वारीची भाकरी सकाळी वाकत नाही, मोडते. ती कुस्करून फोडणीत परतली आणि वर अंडी फोडली, की दहा-पंधरा मिनिटांत पोटभर न्याहारी होते. उरलेसुरले संपवण्याची सोय म्हणून हा पदार्थ ओळखला जातो. पण त्यात घडणाऱ्या क्रिया पाहिल्या तर लक्षात येते की, शिळी भाकरी ही येथे नाइलाज म्हणून घेतलेली वस्तू नाही. या पदार्थाला तीच लागते.

अशा न्याहारीचे घर शोधायचे तर सोलापूर जिल्ह्यात जावे. अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे नगरपरिषदेचे छोटे शहर कर्नाटकाच्या सीमेलगत आहे. येथे मराठीच्या बरोबरीने कानडी कानावर पडते आणि ताटातली मुख्य वस्तू ज्वारीची भाकरी असते. हा अवर्षणाचा पट्टा. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी फेब्रुवारीच्या सुमारास काढणीला येते. याच जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण तयार झाले. भाकरीसाठी आजही त्याचा दाखला दिला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तर भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेचे रब्बी ज्वारी केंद्र सोलापुरातच आहे.

गव्हाच्या पिठात ग्लुटेन असते, त्यामुळे कणीक ताणली जाते. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्याने मळतात. उष्णतेने पिठातील काही स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि भाकरी थापता येते. तव्यावर हीच क्रिया पुढे जाते. स्टार्चच्या कणांतील रेणूंची घट्ट रचना विस्कटते, म्हणून गरम भाकरी मऊ लागते.

भाकरी निवली की उलटा प्रवास सुरू होतो. विस्कटलेले रेणू पुन्हा एकमेकांशेजारी शिस्तीने बसू लागतात. स्टार्चमधील अमायलोज हा सरळ साखळीचा घटक काही तासांतच जुळतो, तर अमायलोपेक्टिन या फांद्या असलेल्या घटकाला काही दिवस लागतात. भाकरी कडक होण्यामागे पाणी उडून जाणे हे एकच कारण नसते. फ्रेंच शास्त्रज्ञ बुसँगो यांनी १८५२ मध्ये पाव हवाबंद ठेवून दाखवून दिले की, पाणी न गमावताही तो शिळा होतो आणि साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास पुन्हा मऊ पडतो. फ्रिजमध्ये, म्हणजे ४ अंशांच्या आसपास, ही क्रिया सर्वांत वेगाने होते. फ्रिजमधली पोळी वातड होते ती त्यामुळेच.

शिळी भाकरी कढईत गरम केली की अमायलोपेक्टिनची जुळणी सुटते आणि तुकडे नरम होतात. अमायलोजची जुळणी मात्र सुटायला शंभर अंशांहून बरेच जास्त तापमान लागते. पदार्थात पाणी असेपर्यंत त्याचे तापमान शंभराच्या फारसे वर जात नाही. त्यामुळे स्टार्चचा काही भाग तसाच राहतो, लहान आतड्यात पचत नाही आणि मोठ्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे खाद्य बनतो. यालाच ‘प्रतिरोधक स्टार्च’ म्हणतात. शिळेपण पूर्ण पुसले जात नाही आणि त्याचा थोडा फायदाच होतो.

अंड्याचे काम वेगळे. पांढरा बलक सुमारे ६२ अंशांपासून गोठू लागतो, पिवळा ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. ताज्या भाकरीचे तुकडे अंड्यात टाकले तर त्यांचा लगदा होतो. शिळे तुकडे आकार सोडत नाहीत आणि अंडे त्यांच्याभोवती धरते. पोषणातही जोडी नेमकी जमते. ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल जेमतेम २ ग्रॅम असते, तर अंड्याच्या प्रथिनांत सुमारे ७ ग्रॅम. भाकरीबरोबर आवडीने खाल्ली जाणारी शेंगदाण्याची चटणीही लायसिनच्या बाबतीत कमीच पडते. ही उणीव अंडे भरून काढते. या भागात लिंगायत समाज मोठा असून अनेक घरांत अंडे वर्ज्य आहे. तिथे शिळ्या भाकरीबरोबर घेतलेले दही किंवा ताक हेच काम करते, कारण दुधाच्या प्रथिनांतही लायसिन भरपूर असते.

दोघांसाठी दोन भाकऱ्या व तीन अंडी पुरतात. भाकरीचे नखाएवढे तुकडे करून त्यावर पाण्याचा हबका मारावा व पाच मिनिटे झाकून ठेवावे. तेलात मोहरी, जिरे, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची परतून हळद व सोलापुरी काळे तिखट घालावे. त्यात तुकडे टाकून, झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ आणावी. भाकरीत मीठ नसते, म्हणून मीठ अंदाजाने पण विसरू नये. मग तुकडे कडेला सारून मधल्या जागेत अंडी फोडावीत, ढवळावीत आणि अर्धवट गोठली की सर्व एकत्र करावे. अंड्याचा ओलेपणा जाताच कढई उतरवावी. वर कोथिंबीर आणि भरड शेंगाचटणी. गव्हाच्या चपातीला पाण्याचा हबका लागत नाही. सोलापूरची प्रसिद्ध कडक भाकरी वापरायची तर पाणी जास्त आणि वेळही दुप्पट द्यावा.

जगात याची भावंडे अनेक. श्रीलंकेत रोटी, भाजी आणि अंडी तव्यावर दोन पात्यांनी तोडून कोत्तू बनते. मेक्सिकोत मक्याच्या शिळ्या रोट्या तळून तिखट रश्श्यात घालतात आणि वर अंडे देतात. त्या पदार्थाचे नाव चिलाकिलेस. इथिओपियात इंजेरा या धिरड्यासारख्या आंबवलेल्या पोळीचे उरलेले तुकडे मसाल्यात परतून फिरफिर करतात. ज्वारीचे मूळही त्याच ईशान्य आफ्रिकेतले: पूर्व सुदानमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ती माणसाने लागवडीखाली आणल्याचे पुरावे मिळाले आहेत.

दोन पथ्ये पाळावीत. भाकरी कोरडी आणि आदल्या रात्रीचीच असावी. आमटीत भिजलेली, आंबूस वासाची किंवा बुरशीचा ठिपका दिसणारी भाकरी सरळ टाकून द्यावी. आणि अंडे कच्चट ठेवू नये, कारण साल्मोनेला जिवाणू नीट शिजवल्यावरच मरतो. एवढे सांभाळून पदार्थ गरम असतानाच खावा. दुसऱ्यांदा निवलेली भाकरी पहिल्यापेक्षा लवकर कडक होते.